ओळखीची चोरी आणि आपले हक्क

(पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) येथे बौद्ध कुटुंबांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज मी कायद्याच्या ज्या विषयावर बोलणार आहे, तो विषय आपल्या वस्तीत वकिलाच्या तोंडून क्वचितच निघतो. घराची जागा, नोकरीतील अन्याय, अत्याचार प्रतिबंधक कायदा, जातीचा दाखला, या कामांसाठी तुम्ही माझ्याकडे येता आणि यावेच. परंतु गेल्या काही वर्षांत पुंडलिकनगर, गारखेडा या भागांतून येणाऱ्या माणसांच्या तोंडी एक नवीच तक्रार असते. कोणी म्हणतो, “वकीलसाहेब, मी कधी बँकेची पायरी चढलो नाही, आणि माझ्या नावावर कर्ज निघाले आहे.” कोणी म्हणते, “माझे खाते गोठवले आहे. मी काय केले ते कोणी सांगत नाही.” एका मावशींनी तर मला विचारले, “माझा अंगठा माझ्याच हाताला आहे, मग तो दुसरीकडे लागला कसा?” या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी मी आज उभा आहे.

पूर्वीचा चोर भांडी नेई, कोंबडी नेई, फार तर अंगावरचा डाग नेई. चोरी झाली हे सकाळी कळे. आताचा चोर तुमचे नाव, जन्मतारीख, आधार क्रमांक, मोबाईल क्रमांक आणि बोटाचा ठसा नेतो. घरातील एकही वस्तू जागची हलत नाही, म्हणून चोरी झाल्याचे महिनोन् महिने कळत नाही. कळते ते तेव्हा, जेव्हा तुमच्या नावाने दुसऱ्याने केलेल्या व्यवहाराचा जाब तुम्हांस विचारला जातो.

या चोरीचे स्वरूप ध्यानी यावे म्हणून सर्वांच्या परिचयाच्या योजनेतील एक प्रकरण घेऊ. २०२४ च्या जुलैपासून महाराष्ट्र शासनाने मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना सुरू केली. २१ ते ६५ वर्षे वयाच्या, अडीच लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या स्त्रीस दरमहा १५०० रुपये द्यावयाचे, अशी ती योजना. नवी मुंबईतील खारघर येथील एका स्त्रीने अर्ज भरावयास घेतला, तेव्हा तिच्या आधार क्रमांकावर अर्ज अगोदरच दाखल झालेला आहे असे उत्तर आले. तिने तक्रार केली आणि चौकशीचा धागा सातारा जिल्ह्यात जाऊन पोचला. तेथील एका माणसाने स्वतःच्या पत्नीची निरनिराळ्या पेहरावांतील छायाचित्रे लावून आणि आंतरजालावर सापडलेले परक्या स्त्रियांचे आधार क्रमांक घालून सुमारे तीस अर्ज भरले होते, असे सप्टेंबर २०२४ मध्ये उघडकीस आले.

या प्रकरणातील मुद्दा पैशाच्या रकमेचा नाही. सरकारी तिजोरीतून काही हजार रुपये गेले असतील. तिजोरीला ते जाणवत नाहीत. पण त्या तीस स्त्रियांची अवस्था काय झाली? ज्या कार्यालयात त्या हक्क मागावयास गेल्या, तेथे त्यांना “तुम्ही अगोदरच घेतलेले आहे” असे सांगण्यात आले असेल. आपण आपणच आहोत हे सिद्ध करण्याचा भार त्यांच्यावर पडला. खारघरच्या त्या भगिनीने पाठपुरावा केला म्हणून प्रकरण बाहेर आले. ज्यांनी कपाळाला हात लावून घरची वाट धरली, त्यांची नावे कोणालाच कळणार नाहीत.

पुढे शासनाने चाळणी लावली. जून २०२५ पासून २६.३४ लाख लाभार्थ्यांचा हप्ता अपात्रतेच्या संशयावरून थांबविण्यात आला. स्त्रियांसाठी असलेल्या या योजनेचा लाभ १४,२९८ पुरुषांनी घेतल्याचेही त्याच सुमारास प्रसिद्ध झाले. सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी, म्हणजे आधारद्वारे ओळखीची पडताळणी, सर्वांना सक्तीची झाली. चोर शोधण्यासाठी चाळणी हवी, हे मी मान्य करतो. परंतु चाळणी लावताच दोन गोष्टी घडल्या. एक, पडताळणीच्या नावाने बनावट संकेतस्थळे उभी राहिली, आणि चोरी टाळण्यासाठी माहिती भरणाऱ्या स्त्रिया नव्या चोरांच्या हाती सापडण्याचा धोका निर्माण झाला. दुसरी गोष्ट मला अधिक बोचते. पडताळणीत स्त्रीच्या आधारबरोबर तिच्या पतीचा किंवा पित्याचा आधारही मागण्यात आला. ज्या विधवा आहेत, ज्यांना नवऱ्याने टाकले आहे, ज्यांचे वडील हयात नाहीत, त्यांनी कोणाचा अंगठा आणावयाचा? शासनास नंतर त्यांच्यासाठी निराळी सोय करावी लागली. नियम करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कोणते कुटुंब असते, ते अशा वेळी दिसून येते.

आता कायदा काय म्हणतो ते थोडक्यात सांगतो. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा. त्यात २००८ साली दुरुस्ती होऊन कलम ६६-क आणि ६६-ड, ज्यांना इंग्रजी अक्षरांनुसार ६६-सी व ६६-डी म्हणतात, ती घालण्यात आली. दुसऱ्याची सही, पासवर्ड किंवा ओळखीचे कोणतेही विशिष्ट चिन्ह कपटाने वापरणे हा ६६-सी खाली गुन्हा आहे. संगणक किंवा मोबाईलच्या साहाय्याने दुसऱ्याचे सोंग घेऊन फसविणे हा ६६-डी खाली. दोहोंस तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत तोतयेगिरी करून फसविण्यास कलम ३१९ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. जुन्या दंडसंहितेत ती तीन वर्षांची होती. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने फसवणुकीने किंवा तोतयेगिरीने सिमकार्ड मिळविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, ठेवले आहे. कलमांची वाण नाही. वाण आहे ती तपासाची. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील गुन्ह्याचा तपास पोलीस निरीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करावयाचा असतो, आणि एका ठाण्यात असे अधिकारी किती असतात, हे तुम्ही स्वतः पाहिलेले आहे.

येथे एक मूळ प्रश्न उभा राहतो. माझी माहिती ही माझी आहे, असे म्हणण्याचा हक्क मला मुळात आहे काय? तुम्ही म्हणाल, वकिली काथ्याकूट आहे. तसे नाही. हाच प्रश्न भारत सरकारने सर्वोच्च न्यायालयात उपस्थित केला होता, आणि त्याचा इतिहास आपल्या वाचकांनी जरूर जाणावा असा आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४७ साली ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ हे निवेदन तयार केले. त्यातील मूलभूत हक्कांच्या यादीत एक कलम असे होते की, नागरिकाचे शरीर, घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांची अवाजवी झडती व जप्ती होता कामा नये. घराबरोबर कागदपत्रे हा शब्द बाबासाहेबांनी घातला होता, हे लक्षात घ्या. घटना समितीत मात्र हे कलम टिकले नाही. ३ डिसेंबर १९४८ रोजी मध्यप्रांत-वऱ्हाडचे सभासद काझी सय्यद करीमुद्दीन यांनी तशाच आशयाची उपसूचना मांडली. बाबासाहेबांनी ती स्वीकारण्याची तयारी दर्शविली. अशी तरतूद फौजदारी प्रक्रिया कायद्यात आहे, तरी ती घटनेत असणे इष्ट, म्हणजे विधिमंडळाला तिच्यात ढवळाढवळ करता येणार नाही, असा त्यांचा आशय होता. सभागृहाने ती उपसूचना अखेरीस फेटाळली.

याचा परिणाम पुढे दिसला. १९५४ साली एम. पी. शर्मा खटल्यात आठ न्यायाधीशांनी म्हटले की, आपल्या घटनेत असा हक्क लिहिलेला नाही. १९६२ च्या डिसेंबरात खरकसिंगचा निकाल लागला. पोलीस त्या माणसाच्या दारावर रात्री-अपरात्री थाप मारून तो घरी आहे की नाही हे पाहत असत. रात्रीची ती थाप न्यायालयाने रद्द केली, परंतु खाजगीपणाचा हक्क घटनेत नाही असेही बहुमताने सांगितले. ही थाप कोणाच्या दारावर पडत आली आहे? १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने सबंध जमातींची नावे पोलिसांच्या दप्तरात चढविली. १९११ च्या कायद्याने त्यांच्या बोटांचे ठसे घेण्याचा अधिकार दिला. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला, पण पारधी बांधवांना विचारा, दप्तरातील नाव रद्द झाले काय? ठसा कोणाचा घ्यावयाचा, कोणाला घेऊ द्यावयाचा, हे या देशात जन्मावरून ठरत आलेले आहे.

२०१७ साली आधारच्या निमित्ताने प्रश्न नऊ न्यायाधीशांपुढे गेला. सरकारच्या बाजूने असा युक्तिवाद झाला की, ज्या देशात कोट्यवधी लोक गरीब आहेत तेथे खाजगीपणा ही मूठभर श्रीमंतांची चैन आहे. गरिबाला भाकरी हवी, गुपित नको. २४ ऑगस्ट २०१७ रोजी न्यायमूर्ती पुट्टस्वामी खटल्यात न्यायालयाने एकमताने निकाल दिला की, खाजगीपणा हा घटनेच्या कलम २१ मधील जीविताच्या व स्वातंत्र्याच्या हक्काचाच भाग आहे. जुने दोन्ही निकाल त्यापुरते रद्द ठरले. गरिबाला केवळ पोटाची चिंता असते, नागरी हक्कांची नसते, हे म्हणणेही न्यायालयाने स्पष्ट शब्दांत नाकारले. बाबासाहेबांच्या १९४७ च्या त्या कलमाचा उल्लेख या निकालपत्रात आहे. सत्तर वर्षांनी ते कलम मागच्या दाराने घटनेत आले, असे मी म्हणतो; काही वकीलमित्रांना ही भाषा पटत नाही.

आधारची सुरुवात आपल्याच राज्यात झाली. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत पहिले क्रमांक वाटण्यात आले. कायदा झाला तो २०१६ साली. म्हणजे जवळजवळ सहा वर्षे माणसांचे ठसे आणि डोळे कायद्यावाचून घेतले जात होते! या कायद्यातील एक गोष्ट आपल्या कुटुंबांना सहसा ठाऊक नसते. आधारसाठी घ्यावयाच्या माहितीत वंश, धर्म, जात, जमात, भाषा, उत्पन्न आणि वैद्यकीय इतिहास यांचा समावेश करता येणार नाही, असे त्या कायद्याच्या व्याख्येतच लिहिलेले आहे. तेव्हा आधार केंद्रावर कोणी तुम्हांस जात विचारील, किंवा धम्म स्वीकारल्यानंतर नावात बदल करताना “आधीचे कोण?” असे विचारील, तर त्या प्रश्नाचे उत्तर देण्याचे तुमच्यावर बंधन नाही.

२६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने आधार कायदा मुख्यत्वे वैध ठरविला. शिधा, निवृत्तिवेतन, शिष्यवृत्ती यांसारख्या सरकारी तिजोरीतून मिळणाऱ्या लाभासाठी आधार मागता येतो. बँक खाते आणि मोबाईल यांना आधार सक्तीने जोडणे मात्र रद्द झाले, शाळाप्रवेशासाठीही त्याची सक्ती करता येत नाही, आणि खाजगी कंपन्यांना आधार वापरण्याची मोकळीक देणारा कलम ५७ चा भाग न्यायालयाने उडवून लावला. २०१९ च्या दुरुस्तीने बँक व मोबाईलसाठी स्वेच्छेने आधार देण्याची वाट पुन्हा उघडली. स्वेच्छेने, हा शब्द कायद्यात आहे. दुकानाच्या काउंटरवर तो कितपत शिल्लक राहतो, ते तुम्ही जाणता. पारपत्र, मतदार ओळखपत्र यांपैकी दुसरे काही दाखविण्याचा तुमचा हक्क मात्र कायम आहे.

संमती कशी चोरली जाते याचा एक मोठा दाखला सांगतो. २०१७ साली असे उघड झाले की, एअरटेलच्या ग्राहकांनी सिमकार्डाच्या पडताळणीसाठी अंगठा दिला, आणि त्याच वेळी त्यांच्या नकळत एअरटेल पेमेंट्स बँकेत त्यांची खाती उघडली गेली. आधारशी जे खाते शेवटी जोडले जाते त्यात सरकारी अनुदान जमा होते. त्यामुळे स्वयंपाकाच्या गॅसचे अनुदान लोकांच्या नेहमीच्या खात्याऐवजी या खात्यांत जाऊ लागले. ३१ लाखांहून अधिक ग्राहक आणि सुमारे १९० कोटी रुपये, एवढी व्याप्ती होती. डिसेंबर २०१७ मध्ये आधार प्राधिकरणाने त्यांची ई-केवायसीची परवानगी स्थगित केली, पैसे परत करावयास लावले, आणि मार्च २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने पाच कोटींचा दंड केला. यात कोणी दरोडेखोर नव्हता. एका कामासाठी दिलेला अंगठा दुसऱ्या कामासाठी वापरला गेला, इतकेच. तुमच्या मुलाची शिष्यवृत्ती अर्जात लिहिलेल्या खात्यात न येता भलत्याच खात्यात जाते, ती याच वाटेने. म्हणून शिष्यवृत्ती आली नाही तर समाजकल्याण कार्यालयात खेपा घालण्यापूर्वी आधारला कोणते खाते जोडलेले आहे, ते पाहून घ्या.

आता २०२३ च्या कायद्याविषयी. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याला ११ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्याचे नियम प्रसिद्ध व्हावयास नोव्हेंबर २०२५ उजाडले, आणि संमती व संरक्षण यांविषयीची मुख्य कलमे त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू करावयाची असे ठरले. या कायद्यात चांगले पुष्कळ आहे. माहिती कशासाठी हवी ते सांगून संमती घेतली पाहिजे. ती सूचना इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचण्याची सोय दिली पाहिजे. दिलेली संमती परत घेता आली पाहिजे. अठरा वर्षांखालील मुलाच्या माहितीसाठी पालकाची संमती हवी. माहिती फुटली तर ज्याची ती आहे त्यास कळविले पाहिजे. माहिती सुरक्षित न ठेवणाऱ्या संस्थेस २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे.

पण हा दंड कोणाला मिळतो? तो भारताच्या एकत्रित निधीत जमा होतो. ज्याचे नाव चोरले गेले त्याच्या हाती काही पडत नाही. उलट, माहिती तंत्रज्ञान कायद्यातील ज्या कलम ४३-ए खाली निष्काळजी कंपनीकडून नुकसानभरपाई मागता येत असे, ते कलमच हा कायदा गाळून टाकतो. चोरी माझ्या घरी आणि भरपाई सरकारला, हा न्याय मला तरी समजलेला नाही. शिवाय केंद्र सरकार आपल्या कोणत्याही यंत्रणेस या कायद्यातून वगळू शकते. आणि याच कायद्याने माहिती अधिकार कायद्याचे कलम ८(१)(जे) बदलले. तो बदल नोव्हेंबर २०२५ मध्येच अमलात आला. कोणाच्याही ‘वैयक्तिक’ माहितीस नकार देणे आता अधिकाऱ्याला सोपे झाले आहे. कलम ८(२) मधील व्यापक जनहिताचा आधार अद्याप शिल्लक आहे. रोजगार हमीची हजेरी किंवा रेशन दुकानाची नोंदवही मागताना अर्जात तो आवर्जून लिहा.

माझा सर्वांत मोठा आक्षेप निराळाच आहे. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण, ज्यांना महाराष्ट्र मुंबई दंगलींच्या चौकशी आयोगावरून ओळखतो, त्यांच्या समितीने जुलै २०१८ मध्ये या कायद्याचा पहिला मसुदा दिला. त्यात काही माहिती ‘संवेदनशील’ मानली होती, आणि त्या यादीत जात किंवा जमात आणि धार्मिक श्रद्धा यांचा समावेश होता. अशा माहितीस अधिक कडक संरक्षण द्यावयाचे होते. २०१९ च्या विधेयकातही ती यादी होती. २०२३ च्या कायद्यात ती गळाली. आता कायद्याच्या दृष्टीने माणसाची जात आणि त्याचा पिनकोड सारखेच! ज्याला जातीमुळे भाड्याची खोली मिळत नाही, ज्याला आडनाव ऐकून मुलाखतीत दुसराच प्रश्न विचारला जातो, त्याला या दोन गोष्टींतील अंतर समजावून सांगावे लागत नाही. धर्मांतरानंतर कागदोपत्री नाव व धर्म बदलणाऱ्या कुटुंबांच्या जुन्या-नव्या दोन्ही नोंदी एकाच अर्जात एकत्र येतात. ती माहिती कोणाच्या संगणकात जाऊन पडते, हे विचारण्याचा हक्क आपण मागितला पाहिजे.

याच संदर्भात जातपडताळणीच्या फायलीचा विचार करा. १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा म्हणून आजोबा-पणजोबांचा शाळेचा उतारा, वंशावळीचे प्रतिज्ञापत्र, वडिलांचा दाखला, मुलाचा आधार, सर्वांचे फोटो, असा सबंध घराण्याचा इतिहास एका फायलीत असतो. ही फाईल आपण कोणाच्या हाती देतो? बहुधा कचेरीबाहेर बसलेल्या, ज्याचे पूर्ण नावही आपणांस ठाऊक नाही अशा मध्यस्थाच्या हाती. आणि ज्यांना खोटी प्रमाणपत्रे तयार करावयाची असतात त्यांना नेमके असेच अस्सल कागद हवे असतात. खोट्या दाखल्यावर नोकरी मिळविणे ही एका माणसाची नव्हे, सबंध समाजाच्या ओळखीची चोरी आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली माधुरी पाटील खटल्यात पडताळणीची पद्धत घालून दिली, महाराष्ट्राने २००० सालचा स्वतंत्र कायदा केला, आणि जुलै २०१७ मध्ये जगदीश बहिरा खटल्यात न्यायालयाने ठरविले की, दाखला खोटा ठरल्यावर त्यावर मिळविलेली नोकरी वा प्रवेश, कितीही वर्षे लोटली तरी, टिकत नाही. फाईल स्वतः दाखल करा, पोच घ्या, आणि प्रत्येक छायाप्रतीवर ती कोणत्या कामासाठी व कोणत्या तारखेस दिली ते आडवे लिहा. एवढ्याने चोर थांबेलच असे नाही. पण पुढे न्यायालयात ती प्रत कोणाकडून फुटली हे मला दाखविता येईल.

आधारच्या छायाप्रतीविषयी खुद्द सरकारचाच गोंधळ झालेला आहे. २७ मे २०२२ रोजी आधार प्राधिकरणाच्या बंगळूर कार्यालयाने सूचना काढली की, छायाप्रत कोणालाही देऊ नका, शेवटचे चारच अंक दिसणारी झाकलेली प्रत द्या. दोनच दिवसांनी गैरसमज होईल म्हणून ती मागे घेण्यात आली. मागे घेतलेली सूचना अधिक शहाणपणाची होती. घरमालकास, वसतिगृहास, लॉजला झाकलेली प्रतच द्या. आणि अंगठ्याविषयी विचारणाऱ्या त्या मावशींचे उत्तर असे: ठसा सिलिकॉनवर उतरविता येतो. २०१८ साली तेलंगणात नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावरील दस्तांवरून ठसे उतरवून सिमकार्डे चालू केल्याचे प्रकरण उघडकीस आले होते. प्राधिकरणाच्या ॲपमधून किंवा संकेतस्थळावरून आपले ठसे कुलूपबंद करता येतात आणि शिध्याच्या वेळी उघडता येतात. गेल्या सहा महिन्यांत आपला आधार कोठे कोठे वापरला गेला, तेही तेथे दिसते. १९४७ या क्रमांकावर मराठीत विचारता येते. त्याचप्रमाणे केंद्राच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर आपल्या नावे किती मोबाईल जोडण्या आहेत ते पाहा. मे २०२३ मध्ये ही सोय सुरू झाली. एका माणसास नऊ जोडण्यांची मर्यादा आहे. अनोळखी क्रमांक दिसला तर तेथेच कळवा.

तरुणांना एक गोष्ट कठोर शब्दांत सांगतो. चौकात भेटणारा कोणी “तुझे खाते आणि एटीएम कार्ड महिनाभर दे, पाच-दहा हजार मिळतील” असे म्हणतो. ते खाते चोरीचा पैसा फिरविण्यासाठी हवे असते. चोर शेकडो मैलांवर असतो आणि पोलिसांस सापडते ते तुझे नाव, तुझा पत्ता, तुझी सही. खाते गोठते, त्यातच येणारी शिष्यवृत्ती अडकते, आणि आई माझ्या कार्यालयाच्या पायरीवर येऊन बसते. येथे ओळख चोरली गेलेली नसते, ती विकलेली असते, आणि विकणाऱ्याचा बचाव करताना माझ्यापाशी फारसे काही नसते.

चोरी झालीच तर पहिला फोन १९३० या क्रमांकावर करा, पैसे गेल्यापासून जितक्या लवकर तितके चांगले, कारण पैसा एका खात्यातून दुसऱ्यात जात असतानाच अडविता येतो. मग बँकेस लेखी कळवा आणि पोच घ्या. रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये असा नियम घालून दिला की, दोष ग्राहकाचाही नसेल व बँकेचाही नसेल आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळविले असेल, तर त्यास तोटा सोसावा लागू नये; ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार बँकेवर ठेवला. बँकेतील कारकून “तुम्हीच ओटीपी दिला असेल” असे म्हणाला, तर त्याला ते लेखी द्यावयास सांगा.

पुंडलिकनगर पोलीस ठाणे किंवा पोलीस आयुक्तालयाचे सायबर पोलीस ठाणे, कोठेही फिर्याद देता येते. “हे आमच्या हद्दीत नाही” हे उत्तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ पुढे टिकत नाही. तीन वर्षांपासून सात वर्षांच्या आतील शिक्षेच्या गुन्ह्यात वरिष्ठांच्या परवानगीने चौदा दिवसांपर्यंत प्राथमिक चौकशी करण्याची पोलिसांस मुभा आहे, म्हणून फिर्यादीच्या अर्जावर तारीख व शिक्का घ्या आणि दिवस मोजा. नोंद झाल्यावर प्रत विनामूल्य मिळते. नोंदच घेतली नाही, तर वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यास टपालाने लेखी पाठवा, आणि तेथेही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

आणखी एक दार आहे, ज्याची वाट वकिलांनाही फारशी ठाऊक नसते. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४६ खाली प्रत्येक राज्याचा माहिती तंत्रज्ञान सचिव हा निवाडा अधिकारी असतो आणि पाच कोटींपर्यंतच्या भरपाईचे दावे त्याच्यापुढे चालतात. फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्राचे तत्कालीन सचिव राजेश अग्रवाल यांनी पुण्याच्या पूना ऑटो अँसिलरीज या कंपनीच्या तक्रारीवर पंजाब नॅशनल बँकेस ४५ लाख रुपये देण्याचा आदेश दिला. बनावट ईमेलला उत्तर दिल्यामुळे ८० लाखांहून अधिक रक्कम गेली होती. चूक तक्रारदाराचीही होती, म्हणून तोटा त्याच्यावरही ठेवला. परंतु ज्या खात्यांत तो पैसा गेला ती फसवी खाती उघडताना बँकेने नीट तपासणी केली नाही, हे त्या निवाड्याचे मुख्य कारण होते. ही सगळी रक्कम कारखानदाराची होती हे खरे. पण रकमेची खालची मर्यादा कलम ४६ मध्ये कोठेही लिहिलेली नाही, आणि दहा हजार रुपये गेलेल्या माणसालाही तोच अर्ज करता येतो. ज्यांची अशी प्रकरणे असतील त्यांनी बँकेचे उतारे, १९३० वरील तक्रारीचा क्रमांक आणि बँकेस दिलेल्या पत्राची पोच घेऊन यावे. मूळ कागद आणू नयेत. प्रती आणाव्यात, आणि त्यांवर आडवे लिहून आणावे.